मंडाई रोडवरचे जामीनदार

त्या वर्षी ऑक्टोबरात धूर आला आणि बसूनच राहिला. समुद्रापलीकडच्या बेटांवर जंगलं पेटवली की थोडाफार यायचाच, पण २००६ सालचा धूर हटायचं नाव घेईना. दमयंतीचे डोळे दिवसभर चुरचुरत. शेडनेटखालच्या ऑर्किडच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळत. रांगांतून चालताना त्या चपलेखाली चिरडल्या जात आणि तिच्या जिवाला लागत. ती पाठीवर पंप घेऊन पानांवरची राख धूत होती. पंपाचा पट्टा खांद्यात रुतला होता आणि तोंडावर बांधलेला ओला रुमाल तासाभरात काळा झाला होता.

मळा सिंगापुरातल्या मंडाई रोडच्या आत होता, यिशुनपासून बसने पंधरा मिनिटांवर. तिच्या नवऱ्याने, पद्मनाभने, सोळा वर्षांपूर्वी ही जमीन सरकारकडून भाड्याने घेतली, तेव्हा पुण्याला पत्र लिहिलं होतं, 'आम्ही आता मंडईत राहायला चाललोय.' त्याआधी नऊ वर्षं तो दुसऱ्याच्या ऑर्किडच्या मळ्यावर नोकरीला होता. आता पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला वाकता येत नव्हतं. तो टेबलापाशी बसून फुलांच्या दांड्या निवडायचा, बाकी सगळं दमयंतीच्या अंगावर.

शेजारचा मळा कोह अंकलचा. अडुसष्ट वर्षांचा वाळका म्हातारा, पण पालेभाजीचे वाफे एकटा खणायचा. तो आणि दमयंती गेली सोळा वर्षं मोडक्यातोडक्या मलय भाषेत बोलत आले होते. त्याला मराठी येत नव्हती, तिला चिनी येत नव्हती, आणि इंग्रजी दोघांनाही बेताचीच. दमयंतीचं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं, म्हणून कोह अंकलचे सगळे कागद तिच्याकडेच यायचे.

त्या दिवशीही तो सायकल हातात धरून आला आणि पुढच्या टोपलीतून एक लिफाफा काढला.

"दामा, हे वाच. सरकारी दिसतंय."

तिने पंप उतरवला, हात साडीला पुसले आणि कागद उघडला. दुसऱ्याच ओळीत निशिकांतचं नाव होतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग खालच्या रकमेतले आकडे बोट ठेवून मोजले.

"काय आहे?" कोह अंकलने विचारलं.

"माझ्या भाच्याचं आहे," ती म्हणाली. "तो नोकरी सोडून पळाला. तुम्ही आणि आम्ही जामीन होतो."

निशिकांत दमयंतीच्या बहिणीचा, उल्काचा मुलगा. सिंगापुरात शिकला, इथल्या एका सरकारी मंडळात अधिकारी झाला. मंडळाने त्याला स्वतःच्या खर्चाने दोन वर्षं लंडनला पाठवलं. परत येऊन सहा वर्षं नोकरी करायची, नाहीतर सगळा खर्च व्याजासह भरायचा, असा करार होता. त्यावर दोन जामीनदारांच्या सह्या हव्या होत्या. एक पद्मनाभने केली. दुसऱ्या सहीसाठी तो कोह अंकलकडे गेला. म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "तुमचा माणूस आहे?" पद्मनाभ म्हणाला, "बायकोच्या बहिणीचा मुलगा." "मग कुठे करू सही?" म्हणून त्याने पेन मागितलं होतं.

तसंच पत्र दमयंतीच्या दारच्या पेटीतही पडलेलं होतं. पद्मनाभने ते वाचलं आणि हातातली दांडी टेबलावर ठेवली. त्या दिवशी त्याने पुढे एकही दांडी निवडली नाही.

दमयंतीने पुण्याला फोन लावला. उल्का आधी रडली, मग म्हणाली, "अगं, तो म्हणतोय, मंडळाला काही कमी नाही. ते नुसती पत्रं पाठवतात, पुढे काही करत नाहीत."

"तो आहे कुठे?"

"टोरांटोला. तुला माहीतच आहे की. वास्तुशांतीला फुलं नव्हती का पाठवलीस तू?"

पाठवली होती. ऑगस्टमध्ये उल्कानेच पत्ता दिला होता. निशिकांतने नवं घर घेतलं म्हणून दमयंतीने स्वतः निवडून जांभळ्या फुलांची पेटी विमानाने पाठवली होती. मंडळाची रीतसर परवानगी घेऊन तो तिकडच्या कंपनीत कामाला गेलाय, एवढंच तिला सांगितलं होतं.

निशिकांतने चौथ्या दिवशी स्वतःहून फोन केला.

"मावशी, तू उगाच टेन्शन घेतेस. त्यांनी मला इथे शोधायचं म्हटलं तर वकिलाचाच खर्च केवढा होईल. ते सोडून देतील."

"त्यांना तुला शोधायची गरज काय? आम्ही आहोत ना इथे. कोह अंकल आहेत."

"कोण कोह?"

दमयंती म्हणाली, "ज्याने तुझ्यासाठी सही केली तो." आणि फोन ठेवला.

डिसेंबरात पाऊस लागला आणि जप्ती करायला बेलीफ आली. कोर्टाची एक तरुण बाई होती, छत्री मिटवून दारात उभी. पद्मनाभने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. "सॉरी अंकल, हे माझं काम आहे," असं म्हणून तिने फुलांच्या थंड खोलीवर, पाण्याच्या पंपावर, व्हॅनच्या काचेवर कोर्टाचे कागद चिकटवले. वापरा, पण विकायचं नाही, काढायचं नाही. ओल्या काचेवर कागद चिकटेना, तर दमयंतीने स्वतः फडकं आणून काच पुसून दिली. मग ती बाई चिखल तुडवत कोह अंकलच्या मळ्याकडे गेली.

कोहच्या बायकोने दमयंतीला काही म्हटलं नाही. तेच जास्त झोंबलं. तोपर्यंत रोज सकाळी भाजीची एक जुडी या बाजूच्या कुंपणाला लटकलेली असायची. ती दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. दमयंती कुंपणापाशी गेली की पलीकडचं दार लागायचं.

पद्मनाभ एका दुपारी म्हणाला, "मी दिवाळखोरी पत्करतो. माझं नाव जाऊ दे. निदान विषय संपेल."

"संपेल कसा? तुम्ही बाहेर पडलात की सगळी रक्कम त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर बसणार. दोघांतला जो उरेल त्याच्याकडून सगळं, असं लिहिलंय त्यात. मी वाचलंय."

"मग काय करायचं?"

"ते मला माहीत नाही. पण त्यांच्यावर ढकलून आपण मोकळं व्हायचं नाही."

तिने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. पहाटे पाचला उठून दांड्या कापायच्या, एकेकीचं टोक पाणी भरलेल्या इवल्या नळीत बसवायचं, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, पेट्या भरायच्या. धुराने गेलेल्या कळ्यांच्या जागी नवीन आणायला कुंड्यांत मातीऐवजी भरलेला कोळसा बदलायचा. तिची बोटं कोळशाने चिरली आणि चिरांत औषधाचं पाणी गेलं की आग व्हायची. रोज सकाळी ती तशीच व्हॅन घेऊन शहरातल्या बँकांच्या भागात, रॅफल्स प्लेसला जायची. तिथल्या एका मोठ्या इमारतीच्या लॉबीत तिची फुलं लागत, आणि वरच्या मजल्यावर बँकेत तिची मुलगी इरा नोकरीला होती.

एके दिवशी तळघरात माल उतरवताना तिथल्या वॉचमनने काचेवरचा कागद वाचला आणि जोरात विचारलं, "आंटी, तुमची व्हॅन जप्त झाली काय?" लिफ्टसाठी थांबलेली माणसं वळून बघू लागली. त्यांत इराच्या ऑफिसातली तिघंजणं होती, आणि इराही. इरा पुढे आली, हातातली पर्स व्हॅनमध्ये टाकली आणि आईच्या हातातली पेटी दुसऱ्या टोकाने उचलली. चांगल्या कपड्यांत, उंच टाचांच्या चपलांत तिने सगळ्या पेट्या लॉबीत नेल्या. शेवटची ठेवून झाल्यावर इथल्या ढंगात म्हणाली, "आई, इनफ लाह. आता काहीतरी करायचं."

तिनेच पेपरातली बातमी शोधली. सरकारी अधिकाऱ्यांच्या करारांबद्दल नवा कायदा पार्लमेंटपुढे आला होता. अधिकाऱ्याने करार मोडला, तर आधी त्याच्याकडूनच वसूल करायचं, सगळे मार्ग संपल्याशिवाय जामीनदाराच्या दारात जायचं नाही, असं त्यात होतं. दमयंतीने इराला ते दोनदा वाचायला लावलं.

"मग आपण सुटलो?"

"नाही ना. हे फक्त पुढच्या करारांना. जुन्यांना नाही."

त्या आठवड्यात तिघंही यिशुनला गेली. त्यांच्या भागातले खासदार दर सोमवारी संध्याकाळी एका राहत्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत लोकांना भेटत. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नंबर घेऊन बसायचं. कुणाची घराची तक्रार, कुणाची दंडाची. त्यांचा नंबर आला तेव्हा खासदारांनी कागद नीट वाचले.

"कायद्याच्या मसुद्यावर एक समिती बसलीय. लोकांचं म्हणणं मागवलंय त्यांनी. लिहून द्या. बोलावलं तर जा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मंडळ म्हणतंय, तुमच्या भाच्याचा ठावठिकाणा लागत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

पद्मनाभने दमयंतीकडे पाहिलं. तिने खाली बघितलं. तिच्या पर्समध्ये डायरी होती आणि डायरीत टोरांटोच्या त्या घराचा पत्ता. पण ओठांवर उल्काचं नाव आलं आणि ती काही बोललीच नाही.

बसमध्ये पद्मनाभ म्हणाला, "तू सांगितलं नाहीस."

"तिचा एकुलता एक आहे तो, अहो."

"आणि कोह?"

तिने डायरी पर्सच्या तळाशी सारली.

दमयंती सांगत गेली आणि इराने इंग्रजीत लिहून काढलं, दीड पानात. फेब्रुवारीत समितीचं बोलावणं आलं. दमयंतीने ते घेऊन कुंपण ओलांडलं आणि कोहच्या दारावर थाप मारली. दार कोहच्या बायकोने उघडलं.

"अंकलनी माझ्याबरोबर यावं," दमयंती सावकाश, सोप्या मलयमध्ये म्हणाली. "तुम्हाला राग आहे, तो बरोबर आहे. पण मला एकटीला जाता येणार नाही."

म्हातारीने तिच्या चिरलेल्या बोटांकडे पाहिलं आणि आत जाऊन नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट काढला.

आदल्या दिवशी उल्काचा फोन आला. इराने कुणाला तरी सांगितलं होतं आणि ते पुण्याला पोचलं होतं.

"दमे, तू त्याचा पत्ता देणार आहेस म्हणे."

"अजून ठरवलं नाही."

"देऊ नकोस गं. घर गेलं तर त्याचा संसार मोडेल. मी तुझ्या पाया पडते."

"उल्का, तो माझ्याशी फोनवर बोलला, तेव्हा कोह अंकलचं नावही त्याला आठवत नव्हतं. ते म्हातारे आहेत. त्यांच्या ट्रकवर जप्तीचा कागद आहे, तो रस्त्यावर काढायची त्यांना लाज वाटते. भाजी डोक्यावर वाहून नेतात मेन रोडपर्यंत."

"ते कोण आपले?"

"रोज सोळा वर्षं बघतेय मी त्यांना," दमयंती म्हणाली. "निशी इतकी वर्षं इथे होता, मळ्यावर तीनदा आला."

दुसऱ्या दिवशी ती काठाची निळी साडी नेसून समितीपुढे बसली. शेजारी कोह अंकल, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. समोर लांब टेबलामागे आठ माणसं. इंग्रजीत बोलणार का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मलयमध्ये बोलते. हे अंकल ऐकतील, त्यांना कळलं पाहिजे." ती देशाची भाषा होती, दुभाष्या तिथे होताच. तो कानाला यंत्र लावून सरसावला. एका साडीतल्या बाईचं बाजारी मलय ऐकून त्याच्या भुवया वर गेल्या, पण त्याने शब्द न् शब्द उचलला.

तिने मळा सांगितला, सही सांगितली, कागद सांगितले. मग समितीतले एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "बाई, सही करताना कुणी बळजबरी केली नव्हती. जामीन याचा अर्थच तो भरणार, असा."

"हो. बळजबरी नव्हती. आम्ही भरणार नाही असं मी म्हणतच नाही," दमयंती म्हणाली. "पण आधी त्याला विचारा. तो धडधाकट आहे, मोठ्या पगारावर आहे. तो सोडून तुम्ही आधी या अडुसष्ट वर्षांच्या माणसाकडे आलात, कारण ते जवळ राहतात."

"मंडळाने शोध घेतला. पत्ता मिळाला नाही."

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पर्स उघडली. डायरीचं पान ओढलं, तर कागद तिरका फाटला. तिने तो टेबलावर ठेवून पुढे सरकवला.

"हा त्याचा पत्ता. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे. ती आता माझ्याशी बोलणार नाही. मी फुलं पाठवली होती या घराला, ती पोचली. तुमचं पत्रही पोचेल."

मग चष्मेवाल्यांनी कागद उचलून वाचला.

"नवा कायदा मागच्या करारांना लावणं सोपं नसतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"साहेब, ज्याच्या दारावर आज कागद चिकटलाय, त्याला पुढच्या वर्षीच्यांसाठी केलेल्या कायद्याचा काय उपयोग? आमच्यासारखे आणखी असतील. ते इथे येऊन बोलू शकत नाहीत. लाज वाटते माणसाला. मलाही वाटली."

कोह अंकलला बोलायला सांगितलं, तेव्हा तो उभा राहिला. समितीने बसून बोलायला सांगितलं, तरी तो उभाच राहिला. एकच वाक्य बोलला. "मी सही या बाईच्या घराकडे बघून केली होती, आणि आजही करीन."

दमयंतीला तिथे रडायचं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली.

मग तीन महिने काहीच झालं नाही. कळ्या धरल्या. नव्या कोळशात मुळं रुजली, एप्रिलमध्ये दांड्या पूर्वीसारख्या हातभर लांब आल्या. उल्काचा फोन आला नाही. गुढीपाडव्याला दमयंतीने केला, तर पलीकडून तो उचलला गेला आणि ठेवला गेला. त्या दिवशी श्रीखंड वाट्यांत तसंच राहिलं.

मे महिन्यात कायदा मंजूर झाला. त्या दिवशी सभागृहाच्या प्रेक्षक कक्षात दमयंती, पद्मनाभ, इरा आणि कोह नवरा-बायको ओळीने बसले होते. खाली काय चाललंय ते कोहच्या बायकोला कळत नव्हतं, म्हणून ती दमयंतीच्या तोंडाकडेच बघत होती. मंत्री वाचत होते. समितीच्या शिफारशीवरून एक कलम वाढवलं होतं. ज्या जामीनदारांकडून आधीच वसुली सुरू आहे, त्यांनाही हा कायदा लागू. वसुली थांबवायची, जप्त्या उठवायच्या आणि आधी मूळ अधिकाऱ्याच्या मागे जायचं. तो कुठल्याही देशात असला तरी.

इराने आईचा हात घट्ट दाबला. "आई! जुन्यांनाही! ऐकलंस?"

दमयंतीने ऐकलं होतं. तिने कोह अंकलकडे वळून मलयमध्ये तीनच शब्द सांगितले. म्हाताऱ्याने बायकोला चिनीत सांगितलं. म्हातारी जागेवरून उठली, पद्मनाभला ओलांडून आली आणि दमयंतीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रक्षकाने बोट दाखवून तिला बसायला सांगितलं, पण ती काही लगेच बसली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तीच बेलीफ बाई आली आणि नखाने खरवडून सगळे कागद काढून घेऊन गेली. या वेळी ती खुर्चीवर बसली, चहाही प्यायली. ऑगस्टमध्ये मंडळाचं पत्र आलं. निशिकांतने टोरांटोच्या वकिलामार्फत हप्ते बांधून घेतले होते. त्याचं घर गेलं नव्हतं, नोकरीही गेली नव्हती. फक्त तो आता स्वतःचं स्वतः भरत होता. पत्र वाचून पद्मनाभने डोळे पुसले आणि म्हणाला, "उल्काला कळव. संसार मोडला नाही म्हणावं." दमयंतीने पत्राची प्रत पुण्याला पाठवली, सोबत एक ओळही लिहिली नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मळ्याच्या फाटकापुढे एक बस येऊन उभी राहिली.

दमयंती घाईत होती. दुसऱ्या दिवशी एका हॉटेलातल्या लग्नाला नव्वद पेट्या पाठवायच्या होत्या आणि अजून साठही झाल्या नव्हत्या. ती कात्री हातात घेऊनच फाटकाशी गेली. बसमधून माणसं उतरत होती. डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय बाई, एक टॅक्सीवाला, दोन तमिळ भाऊ, काठी टेकत एक चिनी आजी, कडेवर मूल घेतलेलं एक जोडपं. चाळीसेक माणसं असतील. सगळ्यांच्या हातांत डबे होते.

टॅक्सीवाला पुढे आला. "आंटी, त्या समितीपुढे बोललेल्या त्या तुम्हीच ना?"

"हो. का?"

"आम्ही सगळे जामीनदार," तो म्हणाला. "मी भाच्यासाठी नाही, मित्रासाठी सही केली होती. या बाईंनी पुतण्यासाठी. माझा फ्लॅट वाचला, आंटी. त्या तुमच्या एका कलमाने. आम्ही एकमेकांना शोधून काढलं आणि ठरवलं, तुम्हाला बघून यायचं."

रुमालवाल्या बाईने दमयंतीचा कोळशाचा हात उचलून कपाळाला लावला. दमयंती मागे वळून पद्मनाभला हाका मारू लागली, "अहो, बाहेर या, अहो!"

डबे टेबलावर मांडले गेले, तर दांड्या निवडायला जागा राहिली नाही. पद्मनाभ पाहुण्यांना मळा दाखवत होता. दमयंतीचं लक्ष मात्र घड्याळाकडे जात होतं. चिनी आजीने ते हेरलं आणि विचारलं, काय अडलंय? दमयंतीने संकोचत पेट्यांचं सांगितलं.

आजीने काठी भिंतीला लावली आणि बाही वर केली. मग टॅक्सीवाल्याने केली. दहा मिनिटांत डबे खाली उतरवून लोक लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभे होते. कुणी नळ्या भरत होतं, कुणी दांड्या बसवत होतं, कुणी जुड्या बांधत होतं. दोघं तमिळ भाऊ पेट्या उचलून थंड खोलीत नेत होते. कोह अंकल कुंपण ओलांडून आला, त्याने एक जुडी उचलून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"दामा, यांनी दांड्या सरळ कापल्यात! तिरक्या कापायला सांग!" तो ओरडला. आणि मग कुणी सांगायची वाट न बघता कात्री घेऊन टॅक्सीवाल्यापाशी उभा राहिला, त्याचं मनगट धरून त्याला तिरकं कापायला शिकवू लागला.

दुपारी दोनला नव्वदावी पेटी बंद झाली. मग सगळे जेवायला बसले.